बेरजेची विद्या : कुंभकोणमच्या निमित्ताने

१

आपल्याकडे शिक्षणसुधारणेची चर्चा निघाली की श्रीनिवास रामानुजन यांचे नाव हटकून निघते. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात हा मुलगा इंग्रजीत नापास झाला, त्याची शिष्यवृत्ती गेली, आणि पुढे तोच जगविख्यात गणिती झाला. तेव्हा परीक्षा खोटी आणि संकुचित अभ्यासक्रम त्याहून खोटा, असे तात्पर्य व्याख्यानपीठांवरून सांगितले जाते. त्यानंतरची पायरी सहजच चढली जाते. विद्यार्थ्याला एका विषयाच्या कोठडीत कोंडू नका, त्याला अनेक विषयांची दारे उघडी करा, पदवीचे शिक्षण बहुविद्याशाखीय करा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ही भाषा सरकारी परिपत्रकांचीच भाषा होऊन बसली आहे.

या युक्तिवादात एक मूलभूत गफलत आहे आणि ती कोणी बोलून दाखवीत नाही. रामानुजन ज्या परीक्षेत अडले ती एकविषयी परीक्षा नव्हतीच. मद्रास विद्यापीठाच्या एफ. ए. परीक्षेसाठी त्यांना गणिताबरोबर इंग्रजी, संस्कृत, शरीरविज्ञान आणि ग्रीस व रोमचा इतिहास एवढे विषय होते. विज्ञान, भाषा, इतिहास, अभिजात वाङ्मय : आजच्या कोणत्याही अभ्यासमंडळाने अभिमानाने मिरवावी अशीच ती यादी आहे. वस्तुतः रामानुजन हे अभ्यासक्रमाच्या अरुंदपणाचे बळी नव्हते. ते सक्तीच्या रुंदीचे बळी होते. म्हणजे ज्या उदाहरणाचा आधार घेऊन आजची सुधारणा पुढे रेटली जाते, तेच उदाहरण तिच्याविरुद्ध साक्ष देते.

या लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे की विषयांची बेरीज म्हणजे विद्यांचा संगम नव्हे. बेरीज कागदावर करता येते. तिला एक तक्ता आणि एक परिपत्रक पुरते. संगमाला प्रश्न लागतो, तो विचारणारा माणूस लागतो, आणि त्याच्या मागे जाण्याची मोकळीक लागते. आजची सुधारणा पहिली गोष्ट करून दुसरी केल्याचे श्रेय घेते आहे.

२

कुंभकोणममधील घटनाक्रम नीट पाहिला पाहिजे, कारण तो जितका सांगितला जातो तितका तपासला जात नाही. १८५४ साली शाळा म्हणून सुरू झालेली आणि १८६७ पासून महाविद्यालयाच्या दर्जाला पोचलेली ही संस्था ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हणून ओळखली जाई. गावच्या टाउन हायस्कुलातून १९०४ साली बाहेर पडलेल्या रामानुजन यांना याच महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. गणितापुढे इतर विषयांकडे त्यांचे लक्ष लागेना. इंग्रजीत ते कमी पडले, वरच्या वर्गात गेले नाहीत, आणि १९०५ मध्ये शिष्यवृत्ती गेली. मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयात त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. १९०६ मध्ये आणि नंतर १९०७ मध्ये ते एफ. ए. ला बसले आणि दोन्ही वेळा अनुत्तीर्ण झाले. १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत ते कारकून झाले. हार्डींशी पत्रव्यवहार सुरू झाल्यावर, १९१३ साली, त्याच मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या या कारकुनाला नियमांतून वाट काढून दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. विद्यापीठाला नियम वाकवता येत होता, हे यावरून सिद्ध होते. केंब्रिजहून शिफारस येईपर्यंत तो वाकवण्याचे कोणाला सुचले नव्हते, हेही सिद्ध होते.

हार्डींनी पुढे जे लिहिले त्याचा आशय असा की रामानुजन यांच्या आयुष्यातील खरी शोकांतिका त्यांचा अकाली मृत्यू ही नव्हे. गणितज्ञाच्या घडणीची जी पाच-सात वर्षे वाया गेली ती होय. १९०५ नंतरची ती वर्षे कोणी वाया घालवली? दुष्ट मुख्याध्यापकाने नव्हे, द्वेष्ट्या परीक्षकाने नव्हे. एका सार्वत्रिक, निःपक्षपाती आणि रुंद अभ्यासक्रमाने.

मात्र यावरून काही जण जो उलटा निष्कर्ष काढतात तोही टिकणारा नाही. प्रतिभावंताला त्याच्या विषयात एकटे सोडावे, बाकीचे ओझे उतरवावे की झाले, असे ते म्हणतात. रामानुजन यांना एकटेपणा भरपूर मिळाला होता. त्या एकटेपणात त्यांनी जे शोधले त्यातले बरेचसे युरोपात आधीच शोधले गेले होते, आणि गणितात सिद्धता कशाला म्हणतात याची रीतसर ओळख त्यांना केंब्रिजला जाईपर्यंत झाली नव्हती. त्यांच्या हाती पडलेला जी. एस. कार यांचा सूत्रसंग्रह हा मुळात परीक्षार्थींसाठी लिहिलेला ग्रंथ. तो कुंभकोणमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातला होता आणि एका मित्राने तो त्यांना आणून दिला. त्या महाविद्यालयाने रामानुजन यांच्यासाठी केलेले सर्वांत मोठे काम वर्गात झाले नाही, अभ्यासक्रमात झाले नाही. ते ग्रंथालयाच्या एका फळीवर झाले, आणि तेही महाविद्यालयाला नकळत.

तेव्हा अभ्यासक्रम रुंद असावा की अरुंद, हा वादच गौण आहे. या विद्यार्थ्याच्या बाबतीत काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याला ओळखणाऱ्या एकाही माणसाकडे नव्हता, हे खरे दुखणे आहे.

३

याच महाविद्यालयात, याच काळाच्या अलीकडे, दुसरी एक गोष्ट घडली. तमिळ वाचकांना ती तोंडपाठ असते. आपल्याकडे ती फारशी कोणाला माहीत नाही. शैव मठाच्या परंपरेत, महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्या हाताखाली तयार झालेले उ. वे. स्वामिनाथ अय्यर १८८० साली येथे तमिळचे अध्यापक म्हणून रुजू झाले. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, इंग्रजी शिक्षण नव्हते. निवृत्त होणाऱ्या त्यागराज चेट्टियार यांनी त्यांची शिफारस केली आणि संस्थेने ती मानली.

त्याच वर्षी सेलम रामस्वामी मुदलियार हे मुन्सफ म्हणून कुंभकोणमला आले. या सुशिक्षित न्यायाधिकाऱ्याने तरुण पंडिताला विचारले, काय काय वाचले आहे? पंडितांनी स्तोत्रे, पुराणे, प्रबंध यांची लांबलचक यादी सांगितली. मुन्सफांवर तिचा काहीच परिणाम झाला नाही. त्यांनी विचारले, जीवक चिंतामणी वाचले आहे काय? पंडितांनी ते वाचले नव्हते. त्यांच्या गुरूंच्या परंपरेत ते शिकवलेच जात नसे, कारण ते एका जैन कवीचे महाकाव्य होते.

येथून पुढे जे झाले त्याला आजच्या भाषेत आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणावे लागेल, पण त्या काळी त्याला असले भारदस्त नाव नव्हते. काव्य हाती घेतल्यावर अय्यरांना कळले की तमिळ उत्तम येऊनही ते समजत नाही, कारण जैनांचे तत्त्वज्ञान, आचार, परिभाषा यांपैकी काहीच आपल्याला ठाऊक नाही. तेव्हा शैव मठात वाढलेला हा ब्राह्मण पंडित कुंभकोणममधील जैन गृहस्थांच्या घरी गेला, त्यांच्याकडून शिकला, ताडपोथ्या गोळा करीत हिंडला, पाठभेद जुळवीत बसला, जुन्या टीकाकाराने उल्लेखिलेल्या विस्मृत ग्रंथांचा माग काढीत राहिला, आणि मुद्रणाची व पैशाची विवंचनाही त्याने स्वतःच सोसली. १८८७ साली जीवक चिंतामणी सटीक प्रसिद्ध झाले. योगायोगाने ते रामानुजन यांचे जन्मवर्ष. त्यानंतर पत्तुप्पाट्टु, शिलप्पदिकारम्, पुरनानूरु, मणिमेखलै अशी प्राचीन तमिळ वाङ्मयाची एकेक दालने उघडत गेली. तमिळ समाजाची स्वतःच्या भूतकाळाविषयीची समजूतच त्यामुळे बदलली. मद्रास विद्यापीठाने १९३२ साली अय्यरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. विद्यापीठे नेहमी अशी वेळेवर पोचतात.

भाषाशास्त्र, धर्माभ्यास, हस्तलिखितविद्या, इतिहास हे सारे एका माणसात एकत्र आले. पण अय्यर आधी चार विषय थोडे थोडे शिकले आणि मग काव्याकडे वळले, असे झाले नाही. एका विषयात ते अत्यंत खोल उतरलेले होते, आणि त्या खोलीवर उभे राहूनच त्यांना आपल्या विषयाची भिंत लागली. भिंत लागली म्हणून दार शोधावे लागले. ज्याला भिंतच लागलेली नाही त्याला दहा दारे दाखवून काय साधणार?

अय्यर १९०३ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गेले आणि १९०४ साली रामानुजन कुंभकोणमच्या महाविद्यालयात आले. ज्या संस्थेने एका अध्यापकाला तेवीस वर्षे आपल्या प्रश्नामागे जाऊ दिले, त्याच संस्थेला एका विद्यार्थ्याला तेवीस महिनेही तसे जाऊ देता आले नाही. इमारत तीच, कावेरीचा काठ तोच, ग्रंथालय तेच. अध्यापकाची निवड त्याला ओळखणाऱ्यांनी केली होती. विद्यार्थ्याचे भवितव्य मात्र त्याला न ओळखणाऱ्या गुणपत्रकाने ठरवले. फरक तो एवढाच.

४

मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. कुंभकोणम हे तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातले गाव. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाणगिरी गाजवणारे सर टी. माधवराव १८२८ साली येथेच एका मराठी घरात जन्मले. तंजावरला बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेले भोसले वंशाचे मराठी चरित्र आजही उभे आहे. त्याच सरफोजी राजांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाट्य आहे. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा लोकप्रिय प्रकार. त्यात डोंगरातून आलेली, भविष्य सांगणारी स्त्री नायिकेशी बोलते. सरफोजींनी या स्त्रीच्या तोंडी घातला तो जगाचा भूगोल : खंडे, देश, समुद्र. युरोपीय मिशनऱ्यांकडून मिळालेले नवे ज्ञान, तमिळ नाट्यरूप, मराठी भाषा आणि संगीत यांचा हा मेळ कोणत्याही अभ्यासमंडळाने आखून दिलेला नव्हता. नवे ज्ञान आपल्या माणसांना कसे सांगावे, या प्रश्नाने तो घडवला.

कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर स्वामिमलै आहे. तेथील स्थपती चोळकाळापासून चालत आलेल्या पद्धतीने आजही पंचधातूच्या मूर्ती ओततात. मेणाची प्रतिमा, तिच्यावर कावेरीच्या गाळमातीचे लेप, मग भट्टीत मेण वितळवून काढणे, आणि त्या पोकळीत वितळलेला धातू. प्रतिमेचे प्रमाण तालमानाने ठरते. नारळाच्या झावळीची पट्टी दुमडून अवयवांचे भाग पाडले जातात. देवतेचे रूप ध्यानश्लोकातून येते. धातूशास्त्र, भूमिती, मृत्तिकेची पारख, संस्कृत आणि हाताचे कसब येथे वेगळे करताच येत नाही.

हे सांगितले की आपल्याकडे लगेच परंपरेचे गोडवे सुरू होतात, म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. स्थपतीची विद्या अखंड होती, पण ती जन्माने मिळत होती. ज्याचा बाप स्थपती नाही त्याला तिचे दार बहुधा बंद होते. सरफोजींची विद्या व्यापक होती, पण ती राजाच्या तिजोरीवर आणि फुरसतीवर उभी होती. आधुनिक विद्यापीठाने हे दार जन्माकडून काढून परीक्षेकडे दिले. ही मोठी क्रांती होती आणि तिच्यापासून मागे फिरण्याची भाषा करणाऱ्यांशी आपले काही देणेघेणे नाही. प्रश्न निराळा आहे. दार सर्वांना उघडे ठेवून आतली विद्या अखंड ठेवता येईल की नाही? की सर्वांना द्यायची म्हणून तिचे तुकडेच करावे लागतात?

आजच्या सुधारकांचे उत्तर तुकड्यांचे आहे. भारतीय ज्ञानप्रणाली नावाचा विषय आता पदवीच्या आराखड्यात आला आहे. त्याला बहुधा दोन श्रेयांक असतात. दोन श्रेयांक म्हणजे सत्रभरात तीस तास. एवढ्या तासांत आर्यभटापासून आयुर्वेदापर्यंत सगळे आटपायचे. स्वामिमलैच्या कारखान्यात तीस तासांत शिकाऊ मुलाच्या हाताला मेणाचा मऊपणासुद्धा कळत नाही. कुंभकोणमच्या महामहम् तलावात बारा वर्षांतून एकदा देशातल्या साऱ्या पवित्र नद्या येऊन मिळतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. श्रद्धेला ते शोभते. अभ्यासमंडळाला शोभत नाही.

५

आता महाराष्ट्राकडे वळू, कारण ज्या राज्यात कुंभकोणम आहे त्या तमिळनाडूने हे राष्ट्रीय धोरण स्वीकारण्यास नकार दिला, आणि महाराष्ट्राने ते उत्साहाने स्वीकारले. आपल्याकडे स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचा नवा आराखडा लागू झाला. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, चार वर्षांच्या पदवीला किमान १६०; मुख्य विषय, दुय्यम विषय, खुली निवड, कौशल्य, मूल्यशिक्षण, ज्ञानप्रणाली असे अनेक कप्पे. कल्पना वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. रसायनशास्त्राच्या मुलीला कविता वाचता यावी, मराठीच्या मुलाला संख्याशास्त्राची भीती वाटू नये, ही इच्छा चांगलीच आहे. पण ती इच्छा नवी नाही, आणि ती आतापर्यंत का फसली याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात पदवीच्या विद्यार्थ्याला सामान्य शिक्षण द्यावे अशी आग्रहाची शिफारस केली होती. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. पुढे तो विषय सर्व शाखांच्या पदवीला आला. निसर्ग, अर्थकारण, कायदा आणि समाज यांना जोडणारा याहून जिवंत विषय कोणता? पण बहुतेक ठिकाणी त्याचे काय झाले ते आपण सर्व जाणतो : एकमेकांच्या उतरवलेल्या प्रकल्पवह्या. दिल्ली विद्यापीठाने २०१३ साली चार वर्षांची पदवी आणि सर्वांना सक्तीचे पायाभूत अभ्यासक्रम आणले. २०१४ साली ते मागे घेतले गेले. प्रत्येक वेळी विषय बदलले. विषय कोण शिकवणार, कोण तपासणार आणि कोण ठरवणार, हे बदलले नाही.

तालुक्याच्या गावातील संलग्न महाविद्यालय डोळ्यांपुढे आणावे. कायम अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या, त्या जागी तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण, ज्याला पुढच्या सत्रात आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही. खुली निवड कागदावर खुली. प्रत्यक्षात ज्या विषयाला माणूस आहे तोच निवडायचा. भूगोलाचा कार्यभार कमी पडला म्हणून भूगोलाला एखादा कप्पा, इंग्रजीला दुसरा. विद्यार्थ्याच्या जिज्ञासेसाठी म्हणून केलेली रचना अध्यापकांच्या कार्यभाराची जुळवाजुळव होऊन बसते. मोठ्या शहरांजवळच्या खासगी विद्यापीठांत भरमसाट शुल्क भरणाऱ्यांना लहान वर्ग, पूर्णवेळ अध्यापक आणि मोठे ग्रंथालय मिळते. त्यांना विद्यांचा संगम थोडाफार दिसतोही. घरातून पहिल्यांदा महाविद्यालयात आलेल्या मुलामुलींना मात्र त्याच नावाखाली आठ विषयांच्या आठ मार्गदर्शक पुस्तिका मिळतात. पूर्वी त्यांना निदान एक विषय तीन वर्षे सलग मिळत होता. त्या एका विषयाच्या आधारे त्यांच्यातली कित्येक मुले आयुष्यात उभी राहिली. आता तेही तुटपुंजे होऊ घातले आहे. या सुधारणेची किंमत कोण मोजणार, याचे उत्तर इतके उघड आहे.

आपल्याकडे ज्यांनी विद्यांच्या भिंती खरोखर ओलांडल्या ते कप्प्यांतून आले नाहीत. दामोदर कोसंबी फर्गसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. संख्याशास्त्र खऱ्या सामग्रीवर लावून पाहावे म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी तराजूत घातली; चलनात झिजलेल्या नाण्यांच्या वजनातून काळ आणि व्यापार बोलू लागला, आणि गणिती इतिहासाकडे ओढला गेला. भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली आणि भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना १९५६ साली याच माणसाकडून आली. इरावती कर्वे यांनी पदवीला तत्त्वज्ञान घेतले होते. मानववंशशास्त्रात त्या आयुष्यभर खोल उतरल्या आणि त्या खोलीतून त्यांनी महाभारत वाचले. १९६७ साली आलेल्या ‘युगान्त’ला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाला नाण्याने ओढले, दुसरीला महाकाव्याने. श्रेयांकाने कोणालाच नाही.

यावर आक्षेप येईल की ही सारी असामान्य माणसे. अभ्यासक्रम सामान्यांसाठी असतो. आक्षेप रास्त आहे, पण तो सुधारकांवरच उलटतो. असामान्य माणूस बेरजेतूनही वाट काढतो. सामान्य विद्यार्थी तीत हरवतो. म्हणून प्रश्नाची गरज सामान्य विद्यार्थ्यालाच अधिक आहे.

६

मग करायचे काय? केवळ विरोध करून थांबणे सोपे आहे, आणि नकार म्हणजे उत्तर नव्हे, हे तमिळनाडूलाही लागू आहे. मागण्या चारच आहेत.

पहिली, मुख्य विषयाचे तास कापून कप्पे भरू नयेत. खोली आधी, ओलांडणे नंतर. शेवटच्या वर्षात एक प्रश्न घ्यावा आणि तो गावातला असावा. कुंभकोणमला कावेरीचे पाणी हा प्रश्न घेता येईल : कल्लणैच्या बंधाऱ्यापासून शिलालेखांतील पाणीवाटपापर्यंत आणि गाळाच्या रसायनापासून भातशेतीच्या अर्थकारणापर्यंत. सोलापूरला हातमाग घेता येईल, उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिवला दुष्काळ. दुसरी, अशा वर्गात दोन विषयांचे अध्यापक एकाच वेळी बसावेत आणि दोघांचाही तो तास कार्यभारात पूर्ण धरला जावा. दोन अध्यापक एकमेकांना प्रश्न विचारताना पाहणे हेच या शिक्षणाचे मर्म आहे. त्याचा खर्च वाचवला तर उरते ते वेळापत्रक. तिसरी, या भागाची परीक्षा विद्यापीठाने घेऊ नये. ज्याने शिकवले त्याने तपासावे, आणि एखाद्या विद्यार्थ्याची झेप एकाच दिशेची असेल तर त्याला बाकीच्या ओझ्यातून सूट देण्याचा अधिकार त्याला ओळखणाऱ्या अध्यापकांना असावा. या अधिकाराचा गैरवापर होईल, हे मान्य. गैरवापराची भीती घालून अधिकारच नाकारण्याची किंमत १९०५ साली मोजून झाली आहे.

चौथी मागणी सर्वांत साधी आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. ग्रंथालय. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अभ्यासक्रमाबाहेरचा ग्रंथ असावा, तो उघड्या कपाटात असावा, आणि जो त्या विषयाचा विद्यार्थी नाही त्यालाही तो घरी नेता यावा. सुधारणा यशस्वी झाली की नाही हे आराखड्यातील कप्पे मोजून कळणार नाही. अशी किती पुस्तके वर्षभरात फळीवरून हलली, हे मोजून कळेल. आपल्या विद्यापीठांच्या मूल्यांकनात हा रकाना नाही. तो घालायला नवे धोरण लागत नाही. लागते ती विद्यार्थ्याच्या हातावर विश्वास ठेवण्याची तयारी.